इस्त्रीची पँट

एका पुरुषाने स्कर्ट घालून डोंगर चढावा याचा उपासनाला राग आला होता. त्याहून जास्त राग आला तो याचा, की तो तिच्यापेक्षा भराभर चढत होता!

"हसून घ्या," तिचं 'बघा हा घागरा!' हे पुटपुटणं ऐकून तो वळला आणि चक्क मराठीत म्हणाला. "किल्ट म्हणतात याला. तुमची जीन्स भिजलीय... अजून दोन मैलांत मांड्या सोलून निघतील."

"माझ्या मांड्यांची काळजी तुम्हाला कुणी सांगितली?"

त्याचे कान लालबुंद झाले. वाटेवरच्या ओल्या झुडपांनी मात्र दोन मैलांत तिचा माज उतरवला. ती लंगडत वर पोहोचली, तेव्हा तो दगडावर बसून वाट बघत होता. त्याने सॅकमधून जादाचा किल्ट काढून पुढे केला आणि पाठ फिरवली. झाडाआड जाऊन तिने तो नेसला. गार वारा लागला, आग थांबली... इतकं बरं वाटलं की तिला पुन्हा राग आला.

त्याचं नाव कुशल. नोकरी बॉथेल शहरातच, तिच्या ऑफिसपासून दोन सिग्नलवर. मग दर शनिवारी डोंगर, दर शनिवारी भांडण. ऑगस्टमध्ये तो अमेरिकेतलं हे अख्खं वॉशिंग्टन राज्य पायी पार करणार होता, थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत. पाच आठवडे! त्यासाठी तीन वर्षं रजा साठवली होती. ते सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, की उपासना भांडायचं विसरायची.

जुलैत शीलामावशीने त्याला जेवायला बोलावलं. उपासना राहायची ती या मावशीकडेच.

"जय भीम, मावशी," म्हणत कुशल आत आला... कडक इस्त्रीच्या पँटमध्ये.

"बघ, कसा माणसात आला!" सगळे जेवायला बसले, तशी मावशी खुशीत म्हणाली. "मीच फोन करून सांगितलं. आता तो घागरा बंद, आणि ती महिनाभराची पायपीटही बंद. उद्या संसार करायचाय ना?"

कुशल जमिनीकडे बघत म्हणाला, "बरं, मावशी. सोडतो."

"सोडतो?" उपासना ताडकन उठली. "तीन वर्षं रजा साठवलीस, आणि एका फोनवर सोडतोस?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मी काय या पँटच्या प्रेमात पडले?"

मावशीच्या हातातला डाव वरणावरच थांबला. कुशलने हळूच मान वर केली.

"प्रेमात...?"

"विषय बदलू नकोस!" तिचा चेहरा तापला होता. ती तरातरा आत गेली, धुऊन घडी घालून ठेवलेला त्याचा किल्ट आणला आणि त्याच्या मांडीवर आपटला. "आधी हा घालून ये. आणि माझ्यासाठी दुसरा मागव, आजच. पाच आठवडे मी काय जीन्समध्ये चालू?"