जुन्या कोर्टातला कठडा

निंबखेडच्या जुन्या कोर्टातला साक्षीदाराचा सागवानी कठडा कुणीतरी डिझेल ओतून जाळला, आणि पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी चौकीदार बंडूला आत टाकलं. तपास संपला. आपल्याकडे तपास असाच झटपट संपतो.

बंडूची बायको जमुना मात्र एस.टी. पकडून थेट अकोल्याला, जुन्या शहरात वर्षालीच्या कचेरीत आली. वर्षाली खासगी गुप्तहेर. एरवी तिचा वेळ लग्नाच्या स्थळांची चौकशी करण्यात जायचा. मदतीला तिचे मामा पुंजाराम, रिटायर झालेले कंडक्टर. मदत म्हणजे सोबत, एवढंच.

"सोमवारी नव्या कोर्टाचं उद्घाटन हाये," जमुना सांगू लागली. "तो कठडा तिथं दर्शनी भागात मांडनार होते. अन् त्याच्यात उभं करून उत्तमरावाचा सत्कार. निर्भीड साक्षीदार म्हनून."

"कोण उत्तमराव?"

"आमच्या गावचेच. वांग्या-टमाट्याचा मळा हाये. त्याइच्याच साक्षीनं माह्या सासऱ्याले, नत्थुजीले, जेल झाली होती. पाटाच्या पान्यावरून एकाचं डोकं फुटलं, अन् उत्तमराव म्हने, मी नत्थुजीले मारताना पाह्यलं. म्हनून पोलीस म्हनतात, बंडूनं बापाचा बदला घेतला." तिने पदराने डोळे पुसले. "नोकरी तं जाईनच, बाई. पन बाप जेल भोगून आला, आता पोरगाही गेला, तं आमाले दारात कोन उभं करन?"

"बंडूचा त्या कठड्यावर राग होता?"

"राग कायचा? त्याच्यातच बसून डबा खाये तो. वारं लागत नाई म्हने. कठडा जळाला त्या सांजच्याले घरी जेवाले आला होता, पन बायकोचं कोन आयकते?" तिने पिशवी जवळ ओढली. "उत्तमराव मानूस चांगला हाये पन. बंडूले धरल्याबरोबर त्याइनंच वकील लावून देल्ला."

"देवमाणूस," मामा म्हणाले.

वर्षालीने चप्पल पायात सरकवली. "चला मामा, निंबखेडले."

जुनं कोर्ट इंग्रजांच्या काळचं. उद्घाटनाआधीच काम नव्या इमारतीत गेलं होतं, तेव्हापासून तिथे कबुतरांचं राज्य होतं. किल्ली बंडूकडे होती खरी, पण मागच्या दाराची कडी सडलेली आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फरशी दगडी म्हणून इमारत वाचली. फुटलेल्या तावदानांच्या काचा सगळीकडे पसरल्या होत्या. त्या काचांतून, धुळीवर, अनवाणी पावलं मागच्या दारापासून जळक्या कठड्यापर्यंत गेली होती आणि तशीच परतली होती. परतीच्या वाटेवर रक्ताचे डाग होते. दाराबाहेर धुळीत चपलांचा जोड नीट शेजारी-शेजारी उमटला होता.

"आवाज होऊ नये म्हणून काढल्या असतीन," मामा म्हणाले.

"कोणाले आयकू जाईन म्हणून? कबुतराले?"

मामा रुसले.

ठाण्यात वर्षालीने बंडूचे तळपाय पाहिले. भेगा होत्या, ताजी जखम नव्हती. ठाणेदार म्हणाले, भेगेतूनही रक्त येतं.

लाकूडवाले पंजाबराव आपल्या आरा मशीनपाशीच भेटले. हा कठडा आपल्याला विकावा म्हणून त्यांनी बरीच खटपट केली होती, पण उपयोग झाला नव्हता.

"सागवान कोनी जाळते काय, बाई? मले तो अख्खा पाह्यजे होता. मागं मोजमाप घेऊन आलो होतो."

"चपला बाहेर काढून?"

"त्या काचाइत? बूट घालूनच गेलो. ते काय देऊळ हाये?"

"तुम्ही कधी साक्ष दिली आहे तिथं?"

"कोनाच्या लफड्यात पडत नाई आपन."

उत्तमराव मळ्यात वांगी धूत होते. पाहुणे दिसताच उठले, एक टाच उचलून चालत आले.

"पायाले काय झालं?" मामांनी विचारलं.

"काटा. बाभळीचा."

"सत्काराला तुम्ही नाही म्हणाला होतात म्हणे," वर्षालीने अंदाजाने खडा टाकला.

"तीनदा म्हटलं. आयकतच नाईत लोक."

"काहून पन?" मामांनी मध्येच विचारलं.

"म्हाताऱ्या मानसाले कायले सत्कार," असं म्हणून ते पुन्हा वांग्यांकडे वळले. परतताना मामा म्हणाले, किती साधा माणूस.

दुसऱ्या दिवशी वर्षालीने सगळ्यांना त्या जळक्या कठड्यापाशी बोलावलं. ठाणेदार आले, पंजाबराव आले, उत्तमराव आले, आणि जमुना सासऱ्याला हाताला धरून घेऊन आली.

"इथे आलेल्या माणसाने काचांत चपला काढल्या," वर्षाली म्हणाली. "कशासाठी? पंजाबरावांना लाकूड हवं होतं, राख नको, आणि ते बूट घालून आत येतात. बंडू तर कठड्यात बसून डबा खायचा. पण गावचा माणूस साक्षीला उभा राहताना चपला बाहेर काढतो. शपथेची जागा ती. ज्याने इथे शपथ घेतली होती, तो जाळायला आला तेव्हाही अनवाणीच आत आला. त्याच्या ध्यानातही आलं नसेल."

वर्षाली उत्तमरावांकडे वळली.

"खरी साक्ष देणारा सत्काराला तीनदा नाही का म्हणेल? ज्याला आपल्या साक्षीने जेल झाली, त्याच्या पोराला आपणहून वकील का देईल? उत्तमराव, काटा दाखवता?"

उत्तमराव तिथेच खाली बसले. "काच हाये," ते म्हणाले. "ते डोकं माह्या लहान भावानं फोडलं होतं. तो आता राह्यला नाई. मी इथं उभं राहून नत्थुजीचं नाव घेतलं. अन् आता त्याच जागी मले हार घालनार होते. वाटलं, जागाच नाई राह्यली तं..." त्यांनी दुखरी टाच हातात धरली. "बंडूले धरलं तवा रोज म्हटलं, आज सांगतो. अन् रोज वकिलाले फोन करून गप बसलो."

ठाणेदारांनी शिपायाला कोठडी उघडायला पिटाळलं. जमुना त्याच्या मागोमाग धावली.

नत्थुजी इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"माही जेल होऊन गेली, उत्तम," ते म्हणाले. "ते मी सोडलं होतं. पन माहा पोरगा आत बसला होता, अन् तू वांगे धूत होता?"

"व्हय," उत्तमराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"हे सगळं नव्या कोर्टात न्यायाधीशासमोर सांगावं लागेल," ठाणेदार म्हणाले. "जीपमध्ये बसा."

उत्तमराव उठले. नत्थुजीही उठले.

"तुम्ही कुठं?" ठाणेदारांनी विचारलं.

"मी बी येतो. मागच्या टायमाले याची साक्ष आयकाले मले बेड्या घालून आनलं होतं. आज मी आपल्या मनानं येऊन राहिलो."

आणि ते जीपमध्ये उत्तमरावांच्या शेजारी जाऊन बसले.