चौथ्या दिवशी पूल पडतो

घोलवड स्टेशनवर त्या सोमवारी सकाळी नयना चुरी पावसातून धावत आली ती थेट पार्सल ऑफिसच्या पडवीत शिरली. तिथे चिकूच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यामधे बसून एक तरुण क्लार्क पत्त्याच्या चिठ्ठ्या लिहीत होता. नयनाच्या छत्रीचं पाणी नेमकं त्याच्या चिठ्ठीवर ओघळलं.

"अहो... दिल्ली पुसली!"

"अय्या! चुकलं हं माझं."

"असू दे. पुन्हा लिहितो. पण तुम्ही बसा बघू, नाहीतर आता बडोद्याचा नंबर लागेल."

त्याने एक रिकामी करंडी पालथी घालून पुढे सरकवली. नयनाला हसू आलं. बसली. तो शाईने पुन्हा दिल्ली लिहू लागला, पण दुसऱ्याच अक्षराला त्याची मान वर झाली.

"रोज जाता?"

"दर सोमवारी. डहाणूला मुलींच्या शाळेत शिकवते. वसतिगृहातच राहते, रविवारपुरती घरी येते. तुम्ही नवीन दिसता."

"तीन आठवडे झाले. वासुदेव राऊत, केळव्याचा. आणि आपलं नाव—"

तेवढ्यात गाडीने शिट्टी दिली. नयना पदर सावरत पळाली ती डब्यात चढल्यावरच थांबली. खिडकीतून तिने मागे पाहिलं तेव्हा तो हातात चिठ्ठी घेऊन तसाच उभा होता. डहाणू येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही मावळलं नाही.

करंडीवर आपली वही राहिली, हे तिला दुपारी कळलं.

ती वही म्हणजे तिचा जीव की प्राण! वसतिगृहातल्या मुली तलासरीकडच्या पाड्यांवरून आलेल्या. शनिवारी दुपारी त्यांना घर आठवायचं आणि रडारड सुरू व्हायची. एकदा नयना गोष्ट सांगत असताना सातवीतली जिवली मधेच म्हणाली, "मी असते तर त्या दारातून गेलेच नसते." नयना म्हणाली, "बरं, मग तू काय केलं असतंस?" तिथून खेळ सुरू झाला. मुलींनी त्याला नाव दिलं 'सफर'. टेबलावर नकाशा पसरायचा. नयनाने प्रसंग उभा करायचा. कुणी सरदार, कुणी हेर, कुणी नावाडी होऊन आपण काय करणार ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते चार कवड्या टाकून ठरवायचं. मुली कुठे वळतील याचा नेम नसे. म्हणून नयना आठवडाभर वहीत सगळ्या वाटांची तयारी करून ठेवी. किल्ला, भुयार, पहारेकऱ्यांचे स्वभावसुद्धा.

पण साल होतं पासष्ट, महिना सप्टेंबर. सीमेवर लढाई पेटलेली, डहाणूत घरोघरी खिडक्यांना काळे कागद लावलेले. अशा दिवसांत नाव नसलेली एक वही, आणि तिच्यात खाडी, पूल, दीपस्तंभ यांचा नकाशा...

बुधवारी चौथ्या तासाला पोलीस शिपाई शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "नयना, खरं काय ते सांगून ये. शाळेचं नाव कागदावर आलं तर मला तुला ठेवता यायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

चौकीत फौजदारांच्या टेबलावर तिची वही होती. आणि बाजूच्या बाकावर, मान खाली घालून, वासुदेव राऊत.

"तुम्ही?" नयनाचा आवाज चिरकला. "तुम्ही दिलीत वही?"

"मी तुमचं नाव शोधायला उघडली... आणि मग... दिवस असे आहेत की—"

"राऊत, गप्प बसा," फौजदार म्हणाले. गडी साताऱ्याकडचा, मिशा भरघोस. "बाई, हे तुमचंच अक्षर? 'पुलावर दोन पहारेकरी. चौथ्या दिवशी पूल पडतो.' कुणी ठरवलं हे?"

"मीच ठरवलं."

"म्हणजे कबूल?"

"अहो, कबूल काय! तो पूल खरा नाही. तो पुराने पडतो."

"आणि हे? 'जिवली पकडली गेली तर मारायचं नाही, फार रडते.' ही जिवली कोण?"

"इयत्ता सातवी, साहेब."

दाराशी उभे असलेले भिकाजी हवालदार खाकरले. फौजदारांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि दुसरा कागद उचलला. "वहीत नाव नव्हतं. राऊतांच्या जबानीवरून तुम्हाला शोधलं. ऐका. 'डहाणूच्या शाळेतल्या बाई. वर्ण सावळा, उंची बेताची, निळ्या काठाची साडी. हसल्यावर डाव्या गालाला खळी पडते.'" ते थांबले. "राऊत, खळी जबानीत कशाला हवी होती?"

वासुदेव कानापर्यंत लाल झाला. "ओळख पटावी म्हणून... साहेब."

नयनाला भयंकर राग आला होता. आणि तरीही, कसं कोण जाणे, तिचा हात डाव्या गालाकडे गेला.

"साहेब, हा खेळ आहे," ती म्हणाली. "सांगून पटणार नाही. खेळून दाखवते. तिघं बसा टेबलाला."

तिने पर्समधून कवड्या काढल्या, वहीतला नकाशा उलगडला, त्यावर दौत ठेवली. नकाशा पसरला की तिचा आवाज आपोआप बदले, तसा तो आताही बदलला.

"संध्याकाळ झाली आहे. खाडीचं पाणी चढतंय. तुम्ही तिघे किल्ल्याच्या दाराशी उभे आहात. आत तुमचा माणूस कैदेत आहे. तीन दिवसांत सोडवायचा, कारण चौथ्या दिवशी पुराने पूल पडतो. काय करता?"

"मी फौजदार आहे. दार उघडायला सांगतो."

नयनाने घोगरा आवाज काढला. "कोण फौजदार? इथे राजाचा हुकूम चालतो!"

"ऐकत नाही? आत टाका त्याला!"

"तो आतच आहे, साहेब. तुम्ही बाहेर आहात."

हवालदारांना हसू आवरेना. फौजदारांनी मिशी चावली. "मग मी दार फोडतो."

"कवड्या टाका. दोन उताण्या पडल्या तर फुटलं."

एकच पडली. "दार हललंसुद्धा नाही. वरून पहारेकऱ्याने काठीने तुमची पगडी उडवली. गेली खंदकात." फौजदारांचा हात नकळत डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

"मी त्याला तंबाखू देतो," हवालदार हळूच म्हणाले. तीन कवड्या उताण्या! दार करकरत उघडलं, आणि त्यानंतर फौजदार खुर्ची पुढे ओढूनच बसले. समोरचा चहा निवून गेला. भुयार सापडलं, कैदी सुटला. मंडळी पुलाशी आली, तर समोर दोन्ही पहारेकरी.

"राऊत, तुमची पाळी," नयना कोरडेपणाने म्हणाली.

वासुदेवने नकाशावरच्या पुलावर बोट ठेवलं. "मी पुढे होऊन पकडला जातो," तो म्हणाला. "ते मला धरतील तेवढ्यात बाकीचे निघून जातील."

"कशाला?" हे पहारेकऱ्याच्या आवाजात विचारलं की स्वतःच्या, नयनालाच कळलं नाही.

"कुणीतरी पकडलं जाणारच असेल तर... मीच बरा. घोळ माझ्यामुळेच झाला ना!"

फौजदार उसळून म्हणाले, "अहो, पण याला सोडवायचा कसा? बाई, दुसरं भुयार असेल की तुमच्याकडे!"

म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. वही मिटून त्यांनी ती नयनाच्या हातात ठेवली, आणि मोठ्या बाईंना चिठ्ठी खरडली. 'चौकशी केली. वही मुलांच्या खेळाची आहे. बाईंवर काही किटाळ नाही. खेळ उत्तम आहे.'

बाहेर येताच नयना पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. तीन तास धरून ठेवलेली भीती एकदाची वाहून गेली. वासुदेव चार पावलांवर उभा होता. रुमाल द्यावा की नाही, या विचारात.

"रागावलात?"

"खूप."

"शनिवारी मुलींची माफी मागायला आलो तर... चालेल?"

तिने डोळे पुसले. "मुली सोपी शिक्षा देत नाहीत हं."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, तीही दार उघडं ठेवून, टेबल पडवीत मांडून. जिवलीने त्याला पुलावरचा कैदी म्हणून तीन शनिवार डांबून ठेवलं. तो बिचारा प्रत्येक शनिवारी येऊन मुकाट्याने कैदेत बसला. चौथ्या शनिवारी मुलींनीच त्याला सोडवलं.

तोवर लढाई थांबली होती. खिडक्यांवरचे काळे कागद निघाले. दिवाळी आली, गेली. वासुदेव येतच राहिला. पण नयनाच्या मनात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी तिचं एक लग्न जवळजवळ ठरलं होतं. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलगा हसत म्हणाला होता, "लग्नानंतर हे पोरखेळ बंद हं." नयनाने नकार दिला. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. वासुदेव तसं म्हणाला तर? त्याला नकार देणं... आता जमेल?

एका संध्याकाळी मुलींना घेऊन ती डहाणूच्या किनाऱ्यावर गेली होती. ड्युटी संपवून वासुदेवही आला. मुली पुढे शिंपले वेचत होत्या.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "शनिवारबद्दल."

नयनाची पावलं थांबली. "विचारा."

"पुढच्या महिन्यापासून माझी शनिवारची ड्युटी लागतेय. साहेब बदलून देतो म्हणाले, पण सारखं सारखं नाही देणार. कायमचं एकदाच माग म्हणाले. मागू का? म्हणजे... पुढच्या सगळ्या वर्षांचे शनिवार?"

कितीतरी दिवसांनी नयनाच्या मनातला तो काटा निघाला.

"सगळ्या... म्हणजे किती?"

"म्हणजे..." तो घाईघाईने म्हणाला, "रविवारी आई केळव्याहून येतेय. तिला तुमच्या घरी न्यायची का, तेही विचारायचं होतं. आधी तेच विचारणार होतो. पण धीर झाला नाही, म्हणून ड्युटीपासून सुरुवात केली."

"न्या," ती म्हणाली. मग हसली. "पण बाबांना तुम्ही काही बोलू नका. मीच सांगते. तुम्ही जबानी दिलीत की भलतंसलतं लिहिता."

एवढं बोलून ती वळली आणि चपला काढायचंही भान न राहता सरळ लाटेत जाऊन उभी राहिली. आणि तिच्या मागोमाग, रेल्वेचे बूट पायात घालूनच, तो.