खुर्चीला घातलेले मोजे

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी चार मोजे घेऊन वरच्या मजल्यावर गेले. मोजे खुर्चीच्या पायांसाठी होते. जुन्या ब्लँकेटचे तुकडे दुहेरी करून मीच शिवले होते आणि निसटू नयेत म्हणून तोंडाशी इलॅस्टिक घातलं होतं.

भुतंखेतं रात्री येतात म्हणे. पण मी रात्रपाळीची नर्स आहे. माझी रात्र दुपारी बाराला सुरू होते आणि सहाला संपते. माझ्याकडे जे काही यायचं ते भर दुपारीच येणार.

चार महिन्यांपूर्वी या घरात राहायला आले, तेव्हापासून माझ्या झोपेचं खोबरं झालं होतं. वरच्या काकू सत्तरीच्या, एकट्या, चिमणीएवढा जीव. पण दुपार झाली की त्या खुर्ची ओढायला लागायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि परत. मी फरशी पुसायच्या दांड्याने छताला ठोकायचे. दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा खर्रर्र, आधीपेक्षा जोरात. छतावर माझ्या दांड्याचे पाचसहा डाग पडले होते. त्यांच्या शेजारी काही जुने, पुसट डागही होते. आधी राहणाऱ्यांनाही हाच त्रास होता तर, असं वाटून मला जरा बरं वाटायचं.

नुसती चिडचिड असती तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण गेल्या शुक्रवारी वॉर्डात माझ्या हातात भलतीच कुपी आली. सिरिंज भरून झाली होती. धाकट्या सिस्टरने माझं मनगट धरलं म्हणून तीन नंबरच्या खाटेवरची बाई वाचली. मेट्रनने मला बाजूला घेतलं. "पंधरा वर्षं बघतेय तुम्हाला, म्हणून यावेळी वर कळवत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी मनगट धरायला कुणी असेलच असं नाही." त्या वेळी मी ठरवलं की आता काहीही होवो, आपण झोपायचं.

काकूंनी दार उघडलं. आत एकच खोली दिसत होती आणि तिच्यात एकच लाकडी खुर्ची. फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरे ओरखडे उठले होते. उजवीकडे आतल्या खोलीचं दार बंद होतं. ती खोली नेमकी माझ्या खाटेच्या वर येते.

"काकू, भांडायला आले नाही. मोजे आणलेत."

त्यांनी मोज्यांकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "नको गं."

"का नको? तुम्हाला काही त्रास नाही, मला झोप मिळेल."

"मला काय हौस आहे का..." त्या अगदी हळू बोलत होत्या. "खुर्ची ओढली की बाकीचं ऐकू येत नाही."

"बाकीचं म्हणजे?"

त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांची ताई त्या खोलीत अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला पाणी हवं असलं की ती चमच्याने फरशी वाजवायची. दिवसा, रात्री, कधीही. काकूच तिचं सगळं करायच्या.

"तीस वर्षांपूर्वी एक दिवस मी 'येते' म्हटलं आणि बाहेर पडले. ती म्हणाली, लवकर ये. आणि मी... तिसऱ्या दिवशी आले."

"कुठे गेला होतात?"

"मैत्रिणीकडे. झोपायला. दोन दिवस नुसती झोपले गं." काकूंचे डोळे कोरडेच होते. "खालच्यांना चमचा ऐकू येत होता. त्यांनी खालून छत ठोकलं. आवाज नको म्हणून..."

मला ते पुसट डाग आठवले. त्यांच्या शेजारचे माझेही आठवले, आणि लाज वाटली. भीती वाटायला हवी होती, पण मला आला राग. त्या बाईचं आधी कुणी ऐकलं नाही, आणि तीस वर्षं तिच्यावर खुर्ची ओढून तिचा आवाज दाबायचा, हा कुठला न्याय? मी गुडघ्यांवर बसले आणि खुर्चीच्या चारही पायांना मोजे चढवले. काकूंनी अडवलं नाही. त्यांच्या अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

"येते हं," मी निघताना म्हटलं. जाते कुणी म्हणतं का? मी उठताना माझं तोंड त्या बंद दाराकडे होतं, एवढंच.

काकूंनी माझा दंड पकडला. "तो शब्द... इथे नाही म्हणायचा. मी जाते म्हणते. तीस वर्षं."

दाराआड एकदाच वाजलं. टक.

मी खाली येऊन पडदे ओढले आणि झोपले. झोप लगेच लागली. जाग आली तेव्हा दोन वाजले होते, आणि वर खुर्ची वाजत नव्हती. इमारत गप्प होती. पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी खाटेवर पडली होती. खोलीत जो वास येत होता तो मला चांगला माहीत होता. फार दिवस एकाच कुशीवर पडलेल्या माणसाचा वास, वर मारलेल्या पावडरीसकट.

टक. टक. टक.

आधी छतात. मग भिंतीत, माझ्या डोक्यामागे. मग खाटेच्या लोखंडी दांडीवर, इतकं जवळ की दांडीचा थरथराट माझ्या दातांत उतरला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. पण दुपारचे दोन वाजले होते, आठला मला बारा खाटा सांभाळायच्या होत्या आणि माझी झोप पुन्हा कुणीतरी खात होतं.

मी उठून बसले.

"ताई, मला ऐकू येतंय," मी म्हटलं. "तुम्हाला पाणी हवंय, तेही कळतंय. पण मी आता ड्युटीवर नाही. मी जागले तर रात्री माझ्या हातून तुमच्यासारखीच एखादी जाईल, आणि ते मी होऊ देणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. सिस्टर हवी असेल तर रात्री आठनंतर, वॉर्डात. इथे नाही. जा आता."

मी पांघरूण पुन्हा अंगावर ओढलं. मग माझ्या कानाशी, अगदी रीतीने, निरोप घ्यावा तसा आवाज आला.

"येते."

आपल्यात जाणारं माणूसही येतेच म्हणतं. त्यामुळे ती गेली की यायला निघाली, हे मला कळलं नाही. मी कूस बदलली आणि सहापर्यंत झोपले.

आठला ड्युटी घेतली. सात नंबरची बाई दुपारीच घरी गेली होती, खाटेवर नवी चादर घातलेली होती. वॉर्डातल्या मावशी दारातच उभ्या होत्या, आत जायला तयार नव्हत्या.

"सिस्टर, सातला कुणी नाही ना?"

"नाही."

"मग तिथं चमचा कोण वाजवतंय..."

मी खाटेपाशी गेले. उशीला मधोमध खळगा पडला होता. मी पेला भरला, खाटेशेजारच्या छोट्या कपाटावर ठेवला आणि म्हटलं, "आले मी." वाजणं थांबलं. सकाळी पेला कोरडा होता, आणि त्या रात्री माझ्या हातून एकही चूक झाली नाही.

त्याला आता सहा रात्री झाल्या. मी रोज पेला भरते. निघताना ठणकावून "येते" म्हणते, आणि येते. काकूही आता झोपतात. परवा जिन्यात भेटल्या, तोंडावर जरा तेज होतं. वळताना "येते गं" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. मी हसले, मग त्याही हसल्या.

आज सकाळी मात्र सात नंबरला स्पष्ट सांगावं लागलं. "आज रात्री माझी सुट्टी आहे. उद्या येते." रिकाम्या खाटेवरून हळूच उत्तर आलं.

"लवकर ये."

आता दुपारचे दोन वाजलेत. वर खुर्ची मोजे घालून गप्प आहे. मी अंगभर पांघरूण घेऊन पडले आहे, आणि कुणी काहीही वाजवलं तरी उद्यापर्यंत उठणार नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी. काकूंना कुणी दिली नाही, मी माझी घेणार.

फक्त एक सांगायचं राहिलं. मघाशी कूस बदलताना दिसलं, माझ्या उशाशी पाण्याने भरलेला पेला आहे आणि त्याच्या शेजारी चमचा, माझ्या हाताला येईल असा. मी ठेवलेला नाही.