तिसरा बिल्ला

चौसष्ट वर्षांत मला कुणी बनवू शकलं नाही. म्हणजे बायको सोडून. आणि घर विकताना तो दलाल. आणि तो चष्मेवाला, ज्याने माझाच जुना चष्मा पुसून मला परत विकला. एवढे तिघे सोडले तर कुणी नाही. चौथा भेटला तो एका बंदरात, आणि ही गोष्ट त्याचीच.

आमची एक लहानशी होडी आहे. मी जन्मभर इंजिनं दुरुस्त केली. शाळा सातवीपर्यंत, पण सातवी तीनदा केली, पाया पक्का असावा म्हणून. कामातून सुटलो तेव्हा ही जुनी होडी घेतली. इंजिन माझ्याकडे, सुकाणू बायकोकडे. घरातही वाटणी तीच.

होडीवर एक नियम आहे, तिने केलेला. मला पाय न वाजवता केबिनमध्ये उतरून ‘भॉक’ करायची खोड होती. एकदा तिने तव्याने उत्तर दिलं, कपाळावर टेंगूळ आलं. तेव्हापासून खाली उतरण्याआधी झाकणावर तीन ठोके द्यायचे आणि आतून दोन आले तरच उतरायचं. हे पुढे घरीही सुरू झालं. आजही मी बाहेरून आलो की दारावर तीन ठोके देतो, आतून दोन येतात, मग दार ढकलतो.

तर त्या खेपेला किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवस सलग चाललो होतो. नवव्या दिवशी बायको म्हणाली, “आज मी सुकाणूला हात लावणार नाही. गोड्या पाण्याने केस धुणार, खुर्चीवर बसून जेवणार आणि दुपारी ताणून देणार.” मग सकाळीच एका बंदरात होडी बांधली. लांबलचक दगडी धक्का, चढणीचा एक रस्ता, पाच-पंचवीस दुकानं. धक्का संपतो तिथे रखवालदाराची खोली. आत भिंतभर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले.

“किती माणसं?” त्याने विचारलं. माणशी एक बिल्ला घ्यायचा, निघताना परत द्यायचा, अशी तिथली रीत.

आता तोंड माझं, थाप मारल्याशिवाय राहतंय कुठे! “तीन,” मी म्हणालो.

त्याने मान लांब करून होडीकडे पाहिलं. “तिसरा कुठाय?”

“आत झोपलाय. लाटांनी बेजार झालाय बिचारा.”

बायकोने कोपराने ढोसलं. मी तीन बिल्ले घेतले आणि केबिनच्या तोंडाशी खिळ्याला अडकवून टाकले.

“अहो, माणसं मोजताना चेष्टा करू नये,” ती म्हणाली. “पाण्यावर मोजतात ते उगाच नाही.”

“अगं, संध्याकाळी परत देऊ. बिल्ल्याला काय, भूक लागणारय?”

न्हाणीघरात गेलो. तिथल्या बाईने न विचारता तीन टॉवेल हातावर ठेवले. मी बायकोला डोळा मारला. रखवालदाराने गावभर केलं होतं तर! पुढे खानावळीत मालकाने तीन ताटल्या मांडल्या आणि खिडकीकडची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली.

“येतायत ना ते? आत्ता दारात उभे होते,” तो म्हणाला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा तोडीस तोड माणसं भेटली होती. “त्याला मासा नको, पोट बिघडलंय त्याचं,” मी म्हणालो. मालकाने गंभीरपणे मान हलवली आणि त्या ताटलीत नुसता पाव ठेवला.

बायकोचा घास हातातच राहिला. “अहो... यातलं कुणी हसत का नाहीये?”

मग माझ्याही लक्षात आलं. थापा मारणाऱ्याच्या मिशीखाली एक शीर उडते. त्या विषयात मी पंडित आहे. मालकाच्या तोंडावर काहीसुद्धा हललं नव्हतं.

जेवण झाल्यावर ती पावाची पिशवी घेऊन झोपायला होडीकडे निघाली. मी समोरच्या न्हाव्याकडे शिरलो. गालांना फेस लागला आणि काचेबाहेर धुकं चढायला लागलं. भर दुपारी! आधी डोलकाठ्या गेल्या, मग धक्का, मग समोरची खानावळ. दाराच्या फटीतून ओल्या दोराचा, गंजक्या साखळीचा वास आत आला.

“बाई आत्ताच गेल्या इकडून,” न्हावी वस्तरा चालवत म्हणाला. “बरं झालं, बरोबर तुमचा माणूस होता. धुक्यात धक्का निसरडा होतो.”

“कोण माणूस?”

“तुमचाच की. तिसरा. अगदी पाठीला लागून चालला होता. पाण्यात पडला होता का हो? कपडे अंगाला चिकटलेले...”

अर्धा गाल फेसाचा तसाच ठेवून मी पळत सुटलो. “अगं ए!” हाक दोन हातांवर जाऊन विझत होती. धक्क्याचे दगड पायांनी चाचपत होडी गाठली. झाकण बंद. मोजून तीन ठोके दिले.

काहीच नाही.

मग आतून दोन ठोके आले. जरा सावकाश. जरा खालून... पण दोन.

जिवात जीव आला. उतरलो. आत अंधुक उजेड, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तिच्या झोपायच्या फळीवर ती डोक्यावरून चादर घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“रुसलीस?”

मी पायथ्याशी टेकलो. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी माफी मागितली नव्हती, त्या दिवशी मागितली. “चुकलं बाई माझं. यापुढे माणसं मोजताना चेष्टा नाही.”

चादरीतून एक पाऊल हळूच माझ्या पाठीला टेकलं. राग गेला की ती असंच करते. फक्त ते पाऊल गार होतं. सदऱ्यातून, कातडीतून, थेट हाडाला गार.

तेवढ्यात वर, झाकणावर, तीन ठोके पडले.

“अहो... आलात का? पिशवी घ्या जरा.” बायकोचा आवाज.

मी बसल्या जागी लाकूड झालो. मी उत्तर दिलं नाही. शपथेवर सांगतो, मी नाही दिलं. माझ्या पाठीमागून, फळीवर, कुणीतरी दिलं. दोन ठोके.

मी वर कसा आलो मला माहीत नाही. ती धुक्यात उभी होती, हातात पावाची पिशवी. माझा फेसाळ गाल बघूनही हसली नाही.

“मी रखवालदाराकडे बसले होते,” ती हळू म्हणाली. “म्हटलं, खरं सांगून टाकावं. वाटेत मागून कुणीतरी चालत होतं. मला वाटलं, तुम्हीच. म्हणून वळले नाही.”

“काय म्हणाला तो?”

“म्हणाला, बाई, चेष्टा कसली करता? तुमचा तिसरा आत्ताच बिल्ला देऊन गेला. ओला बिल्ला, अजून टेबलावर पाणी आहे बघा... मग बिल्ले का ठेवतात ते सांगितलं. पूर्वी एक होडी असल्याच धुक्यात निघून गेली. दोघांना वाटलं, तिसरा आत झोपलाय. तो धक्क्याच्या टोकावर उभा होता. हाका मारत.”

मी खिळ्याकडे पाहिलं. दोनच बिल्ले होते.

“होडी इथेच टाकू,” मी म्हणालो. “बसने जाऊ.”

“आणि तो बसने आला तर?”

धुकं उतरेपर्यंत आम्ही वरच, पाठीला पाठ लावून बसलो. ऊन पडल्यावर खाली डोकावलो. फळीवर कुणी नव्हतं. चादर घडी घालून पायथ्याशी ठेवलेली, आणि चिंब. दोन बिल्ले देऊन चारच्या सुमारास निघालो. धक्क्याच्या टोकावरून रखवालदाराने बोटाने मोजलं. मी. बायको. मग बोट किंचित मागे सरकलं... आणि त्याने समाधानाने हात हलवला.

आता मी चार महिने विचार करून शोध लावलाय. ते अख्खं बंदर मिळून मला बनवत होतं. न्हाव्याचा एखादा भाऊ असणार चादरीखाली. बादलीभर पाणी आणि थोडं धाडस, एवढंच लागतं. मी स्वतः याहून मोठ्या थापा पचवल्यात. काल हे सगळं लिहून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती माझ्या सदऱ्याला बटण लावत होती.

“तुलाही पटलंय, कबूल कर,” मी म्हणालो. “घाबरली असतीस, तर रोज दारावर माझ्या तीन ठोक्यांना दोन ठोके दिले असतेस का?”

तिची सुई थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “मला वाटत होतं, तेही तुम्हीच वाजवता, मला चिडवायला. मी त्या दिवसापासून एकदाही वाजवलेलं नाही.”