सरकलेला बोया

"कबुली मिळालेली आहे," कल्पेश ठाकूर म्हणाला. "तरी मी तुमच्याकडे आलोय. कारण मला ती खोटी वाटते."

नीता गुप्ते यांनी चहाचा कप खाली ठेवला. पनवेलच्या त्यांच्या छोट्याशा कचेरीत लोक यायचे ते गुन्हेगार सापडत नाही म्हणून. सापडलेला गुन्हेगार परत करायला आलेला हा पहिलाच.

"नीट पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे धाकटे दीर सुशांत सावरून बसले. बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून ते वहिनींना कामात मदत करत. ही मदत म्हणजे गाडी चालवणं आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं ते मनापासून करत.

कल्पेश ट्रायथलॉनच्या शर्यती भरवायचा. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं सलग. काल, रविवारी, जासईच्या पलीकडे खाडीत त्याने अशी शर्यत घेतली होती. पोहण्याचं अंतर दीड किलोमीटर. जेट्टीपासून खाडीत आतल्या बाजूला जायचं, तरंगत्या केशरी बोयाला वळसा घालायचा आणि जेट्टीवर परत. स्पर्धक जास्त, म्हणून दोन तुकड्या. लाल टोप्यांची पहिली आणि पिवळ्या टोप्यांची दुसरी. पहिली बाहेर आली की दुसरी पाण्यात. प्रत्येकाची वेळ मोजायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच क्रमवारी.

"बायकांत रोशनी कोळी पहिली आली. इथलीच, खाडीकाठची पोर. दुसरी आली रिया, खारघरची. पहिलीला राज्याच्या शिबिरात जागा आहे. एकच जागा. रोशनीसाठी ते शिबिर म्हणजे सगळं काही आहे हो. तिथून पुढे नोकरीसुद्धा मिळते."

"आणि तक्रार रियाची?"

"हो. ती लाल तुकडीत होती. तिच्या घड्याळात पोहण्याचं अंतर बरोबर दीड किलोमीटर दिसतंय. पण पिवळ्या टोपीवाल्यांच्या घड्याळात दीडशे मीटर कमी! म्हणजे दोन तुकड्यांच्या मधे कुणीतरी बोया जेट्टीकडे सरकवला. रोशनी पिवळ्या तुकडीत होती. बोयाजवळ होडी घेऊन थांबला होता तिचा बाप, दयाराम."

"मग झालंच की!" सुशांत म्हणाले.

"झालंच," कल्पेश म्हणाला. "रियाने तक्रार केली, तेवढ्यात दयारामकाका पुढे आले आणि म्हणाले, मीच सरकवला. कुणी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं."

"मग तुम्हाला ते खोटं का वाटतं?"

"मॅडम, बोयाचा नांगर म्हणजे हा एवढा दगड आहे. टाकताना मी आणि काका दोघं होतो, तरी कंबर मोडली. आणि होडीत काका एकटे होते. एकट्याने उचलून, सरकवून, परत टाकायचा? साठ वर्षांचा माणूस?"

नीता उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. एका ट्रेलरमागे अर्धा तास रखडल्यावर कल्पेश कडवटपणे म्हणाला, "काल पाहुणेसाहेब असेच अडकले. झेंडा त्यांच्या हातून दाखवायचा होता. पहाटे सुरू व्हायची शर्यत तासाभराहून जास्त लांबली. पोरं उघड्या अंगाने कुडकुडत उभी. कुणाला भूक लागली, एकीला मळमळायला लागलं, तिला म्हटलं तू मागून जा. माझं तर डोकंच चालेना."

"अंतर कधी मोजलं होतं?"

"शनिवारी पहाटे. शर्यतीच्या ठरलेल्या वेळेलाच, म्हणजे पाणीसुद्धा तसंच असेल. त्यात मी कुचराई करत नाही."

जेट्टीवर पोहोचले तेव्हा दुपार होत आली होती. ओहोटी लागली होती आणि काठाचा चिखल उघडा पडत चालला होता. चौकशी होईपर्यंत बोया तसाच ठेवला होता. खाडीत पूर्वी कधीतरी रोवलेला एक मोडका खांब होता, त्याच्या बराच अलीकडे तो डुलत होता.

"सकाळी मी परत मोजलं," कल्पेश म्हणाला. "पंच्याहत्तर मीटर अलीकडे आहे. जाऊन-येऊन दीडशे. म्हणजे सरकलाय यात शंका नाही."

रिया तिथेच सायकल टेकवून उभी होती. रात्रभर झोप झालेली नसावी असा चेहरा.

"मला कुणाची बदनामी करायची नव्हती," ती लगेच म्हणाली. "पण मी दीड किलोमीटर पोहायचं आणि दुसरीने कमी, हे फेअर आहे का? तुम्हीच सांगा."

"नाही," नीता म्हणाल्या. "तुझ्याकडे फोटो आहेत?"

रियाच्या भावाने जेट्टीवरून ढीगभर फोटो काढले होते. नीतांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते एकेक करून पाहिले. लाल टोप्यांच्या फोटोत बोया मोडक्या खांबाच्या पलीकडे होता, पिवळ्या टोप्यांच्या फोटोत अलीकडे. दोन्हींत मागे चार-पाच होड्या नांगरलेल्या होत्या. लाल टोप्यांच्या वेळी त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बंदराच्या क्रेनकडे होती, पिवळ्या टोप्यांच्या वेळी डोंगराकडे. एका फोटोवर नीता जरा जास्त वेळ थांबल्या. रोशनी पायऱ्यांवरून पाण्यात उतरत होती. डोक्यावर पिवळी टोपी, दंडावर काळ्या शाईने लिहिलेला सतरा नंबर.

"रिया, तुझा नंबर काय होता?"

"बावीस. पहिल्या तुकडीत साठपर्यंतचे होते."

सुशांत कुजबुजले, "वहिनी, मला हिचाच संशय येतो. हरली म्हणून हिनेच रात्री येऊन बोया हलवला असेल."

"आणि पिवळ्या टोप्यांच्या घड्याळांनी ते काल सकाळीच ओळखलं?"

सुशांतनी मनातल्या यादीतून रियाचं नाव खोडलं.

दयाराम होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी सरकवला. पोरीसाठी. लिवून घ्या नि मोकले व्हा."

"नांगर एकट्याने उचललात?"

"व्हय."

"बोयाचा दोर किती लांब आहे, काका?"

या प्रश्नावर त्यांचे हात थांबले. "आमी जाल्याच्या बोयाला सोडतो तेवढाच. भरपूर ढील ठेवावी लागते. आखूड बांधला का भरतीला बोया पान्याखाली जातो." मग ते घाईने म्हणाले, "पन त्याचा काय संबंध नाय. मी सरकवला."

"शर्यतीत रोशनीला पाण्यात उतरताना पाहिलंत?"

"नाय. लांब व्हतो मी," दयाराम म्हणाले आणि विणलेलाच फास पुन्हा विणू लागले.

रोशनी घराच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची, खांद्यांनी रुंद, डोळे सुजलेले.

"काल सकाळी तब्येत कशी होती?" नीतांनी सहज विचारलं.

"चांगली होती. मला काय झालंय?"

"ताप, मळमळ, काही नाही?"

रोशनीने एकदम वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "थोडी," ती म्हणाली.

नीतांनी पुढे काही विचारलं नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा सुशांतना वाटलं, वहिनींना काहीच सापडलेलं नाही. वास्तविक त्यांना सगळं सापडलं होतं, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं.

"कल्पेश," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना जेट्टीवर बोलवा. तोवर बोयाला कुणी हात लावायचा नाही. भाऊजी, तुम्ही इथेच बसून पहारा करा."

सुशांत डोक्यावर रुमाल टाकून इमानाने पहाऱ्याला बसले.

पाच वाजता भरतीचं पाणी जोरात आत येत होतं. जेट्टीवर कल्पेश, रिया, दयाराम आणि रोशनी होते. बाप-लेक एकमेकांपासून दूर उभे होते.

"भाऊजी, बोयाजवळ कुणी गेलं?"

"चिटपाखरू नाही. मी डोळे मिटले नाहीत."

"कल्पेश, होडी घेऊन जा आणि बोयाचं अंतर मोजा."

कल्पेश गेला आणि बोयाजवळ पोहोचल्यावर हातातल्या यंत्राकडे पाहतच राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "साडेसातशे मीटर. बरोब्बर जागेवर!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुपारी मोडक्या खांबाच्या अलीकडे असलेला बोया आता पलीकडे डुलत होता.

"काल तो कुणी सरकवला नाही, आणि आजही नाही," नीता म्हणाल्या. "दगड जिथे टाकला तिथेच आहे. वर दोर लांब सोडलेला आहे, जाळ्याच्या बोयाला सोडतात तसा. भरती आली की पाणी बोयाला आत ढकलतं, म्हणजे जेट्टीपासून लांब. ओहोटी लागली की समुद्राकडे ओढतं, म्हणजे जेट्टीजवळ. फोटोतल्या होड्याही तशाच फिरल्यात. नांगरलेली होडी पाणी जिकडून येईल तिकडे नाळ करते. लाल टोप्यांच्या वेळी नाळ बंदराकडे, समुद्राच्या बाजूला, म्हणजे भरती. पिवळ्या टोप्यांच्या वेळी डोंगराकडे, म्हणजे ओहोटी."

"म्हणजे माझीच चूक," कल्पेश म्हणाला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "दोन्ही तुकड्या भरतीत जायच्या होत्या. तशीच वेळ काढली होती मी. पाहुण्यांसाठी थांबलो आणि मधेच पाणी फिरलं. हे मला कळायला हवं होतं."

"ठरल्या वेळी शर्यत झाली असती तर दोन्ही तुकड्यांना सारखंच अंतर पडलं असतं. काकांनी दोर रोजच्या सवयीने सोडला, तुम्ही रोजच्या सवयीने पाहुण्यांची वाट पाहिली. यात गुन्हा कुणाचाच नाही."

रियाचे डोळे भरून आले. ती दयारामांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, मला माफ करा."

कल्पेशनेही त्यांचा हात धरला. "दोन्ही तुकड्यांतला फरक काढून टाकू, निकाल नव्याने लावू. कुणाच्या नावाला बट्टा लागणार नाही."

नीतांनी पर्स उचलली. "चला भाऊजी. आपलं काम झालं."

त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. पण सुशांत जागचे हलले नाहीत. दिवसभर उन्हात बसून त्यांनी विचार केला होता, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना अगदी योग्य प्रश्न सुचला होता.

"पण वहिनी, मग हे खोटं कशाला बोलले?"

नीतांनी डोळे मिटून घेतले.

"सांगा ना," रिया म्हणाली. "काकांनी कबूल का केलं?"

"म्हातारा मानूस, घाबरलो," दयाराम पटकन म्हणाले. "चला, कालोख पडंल."

कल्पेशच्या कपाळावर मात्र आठी पडली. "मॅडम, तुम्हाला माहीत आहे. मला उद्या अहवालावर सही करायची आहे. अर्धवट सांगू नका."

एकेक शब्द नाइलाजाने काढावा तसं नीता बोलू लागल्या.

"साठपर्यंतचे नंबर पहिल्या तुकडीत होते. रोशनीचा नंबर सतरा. पण तिच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. ती मळमळणारी मुलगी कोण होती, कल्पेश?"

कल्पेशने रोशनीकडे पाहिलं. "हीच."

"आणि दुपारी मी मळमळीचं नाव काढेपर्यंत तिला काही झाल्याचं आठवतच नव्हतं. काकांनी तिला पिवळ्या टोपीत बोयाजवळून जाताना पाहिलं. ती पहिल्या तुकडीतली, हे त्यांना ठाऊक होतं. बोया कुठे आलाय, हेही दिसत होतं. ती मागे का थांबली ते त्यांना तिथेच समजलं. तक्रार झाली, तसं चौकशी पोरीपर्यंत पोचायच्या आत त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं."

"ए पोरी, तू बोलू नको!" दयाराम ओरडले.

पण रोशनी बोलली. "मी पायरीवर उभी होते. लाल टोपी हातात होती. पाणी थांबायला आलं होतं. मला कळलं, दुसऱ्या तुकडीला बोया जवळ येणार. बाबा दोर किती सोडतात ते मला माहीत नाही का?" ती रडत नव्हती, तेच बघवत नव्हतं. "रिया सायकलवर लई पुढे जाते. मला भीती वाटली. मी सरांना खोटं सांगितलं नि टोपी बदलली. बोया नाय सरकवला मी. पन मीच सरकले."

रिया बोटांवर काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर तिने रोशनीकडे पाहिलं.

"तू माझ्यापुढे चार मिनिटं होतीस. दीडशे मीटरला मला तीन मिनिटं लागतात, तुला त्याहून कमी." ती थांबली. "रोशनी, तू लाल टोपीतही जिंकली असतीस."

रोशनी मटकन पायरीवर बसली. आता मात्र तिला रडू फुटलं.

खोटं कारण सांगून तुकडी बदललेल्या स्पर्धकाचा निकाल धरता येत नव्हता. नियम कल्पेशनेच लिहिलेला होता. "मला तुझं नाव काढावं लागेल, बेटा," तो म्हणाला. शिबिराची जागा रियाची झाली. रियाने सायकल उचलली आणि कुणाकडे न बघता ती निघून गेली.

सुशांतचा चेहरा पडला होता. "वहिनी, मी विचारायला नको होतं," ते हळूच म्हणाले. नीतांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. राग करण्यासारखं त्या माणसाने काहीच केलं नव्हतं.

नीता आणि सुशांत गाडीपाशी येत असताना दयाराम मागून आले. ते रागावलेले नव्हते. दमलेले दिसत होते.

"बाई, तुमी मला सोडवलंत. गावात मान वर करून फिरंन मी आता." त्यांनी मागे पायरीवर बसलेल्या पोरीकडे पाहिलं. "पन सोडवा म्हनून मी तुमाला सांगितला व्हता का?"

"नाही," नीता म्हणाल्या.