पुसलेलं फोल्डर

"वहिनी, मी क्लासला गेलो की माझ्या खोलीत कुणीतरी येऊन बसतं."

संघपाल हे म्हणाला तेव्हा दिशा छकुलीला वरणभात भरवत होती.

"मांजर असेल भावजी."

"मांजर खुर्ची मागं ओढून बसतं व्हय?"

तो हसला, तीही हसली. छकुलीनं घास थुंकला आणि विषय तिथंच राहिला.

पुढच्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, संघपालचं प्रेत कालव्याच्या गेटाला अडकलेलं सापडलं. बारामतीच्या खालच्या अंगाला, इंदापूरच्या बाजूला.

संघपाल दिशाचा धाकटा दीर. जन्मापासून आंधळा, बी.ए. झालेला, पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलेला. अठ्ठ्याण्णव साल होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून शिरत, आणि हा गडी न बघता तो चालवायचा. त्याच्या मशीनमध्ये स्क्रीन रीडर होता. दाबाल ती कळ, जाल ते फोल्डर, तो नावानिशी बोलून दाखवायचा. इंग्रजीतच, तेही नाकातून. अंगणापलीकडच्या खोलीतून तो आवाज सारखा यायचा. थांबला, की दिशा खिडकीतून डोकावायची.

बुधवारी दुपारी ती घरी नव्हती. छकुलीला डोस पाजायला दवाखान्यात गेली होती.

फौजदार दादासोंनी चौकटीवरची किल्ली काढून खोली उघडली. कॉम्प्युटर चालूच होता. ठाण्यातल्या कुणालाच त्यातलं कळत नव्हतं, म्हणून क्लासचा मालक सोमनाथ याला बोलावलं. संघपाल त्याच्याच क्लासमध्ये शिकवायचा. सोमनाथनं टेबलावरचा माऊस हलवला, दोनचारदा टकटक केलं आणि मान खाली घातली.

"काही उरलं नाही साहेब. मराठीचं फोल्डर गेलंय. कचऱ्याची टोपलीपण रिकामी."

"मराठीचं म्हंजी?"

दिशानं सांगितलं. संघपाल दोन वर्षं एकाच कामाला जुंपला होता. त्या नाकातल्या आवाजानं मराठी वाचावं, खेड्यातल्या आंधळ्या पोरांना इंग्रजीवाचून अडू नये, असा प्रोग्राम.

"मग सोताच पुसलं आन् पाण्यात गेला," दादासो म्हणाले. "मन उडालं आसंल. तुमची भेट कवा झाली, सोमनाथराव?"

"बुधवारी क्लासमध्ये. बरं वाटत नाही म्हणून दुपारी निघाला. एकटाच, काठी टेकत."

"आन् या खोलीत कवा आलावता?"

"या खोलीत? आजच पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या: अंध तरुणाची आत्महत्या. दिशाच्या नवऱ्यानं पेपर घडी घालून माळ्यावर टाकला. आता लोक हेच धरून बसणार होते, आंधळ्याला जगणं झेपलं नाही. ज्या माणसानं मंगळवारी भाजीत मीठ कमी म्हणून तिला चिडवलं, तो बुधवारी जीव देतो?

पोलिसांनी परत केलेली संघपालची शबनम पिशवी तिनं उघडली. ओला रुमाल, डबा, आणि पांढरी काठी. चार घड्या घातलेली, वर रबर चढवलेलं.

ती काठीकडे बघतच राहिली.

मग छकुलीला कडेवर घेऊन ती संघपालच्या खोलीत गेली. भावजींनी तिला हौसेनं शिकवलं होतं, डोळे मिटून. 'वहिनी, प्रत्येक फोल्डरचं पहिलं अक्षर वेगळं ठेवलंय. एक कळ दाबली की घरात पोचलो.' तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि डोळे मिटून कळ दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. तेव्हा लक्षात आलं, परवा सोमनाथ एवढं टकटक करत होता तेव्हाही मशीन मुकंच होतं. स्पीकरचं बटण पार शून्यावर फिरवलेलं होतं.

तिनं आवाज वाढवला. आता खालच्या बाणाची कळ. एक नाव, मग भलतंच दुसरं. मधली नावं गाळून उडी. डोळे उघडले तर पडद्यावर फोल्डरांची मोठाली चित्रं, पाटावर पुऱ्या मांडाव्यात तशी ओळीनं. भावजी तर नावांची सरळ उभी यादी ठेवायचे, बाणाबरोबर एकेक पायरी उतरायला.

छकुली खाली बसून माऊस शेपटीनं ओढत होती. तो तिला भावजींनीच काढून दिला होता. 'मला याचा काय उपयोग? हिला उंदीर होईल.'

दिशानं टेबलाकडे पाहिलं. तिथंही माऊस होता. तिनं तो उलटा केला. पोटावर तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका.

संध्याकाळी ती दादासोंना घेऊन सोमनाथच्या क्लासमध्ये गेली. छकुली कडेवरच होती.

"या वहिनी," सोमनाथ उठला. "वाईट झालं फार. चहा सांगू?"

"नको. पोरं माऊसची अदलाबदल करतात का हो तुमच्याकडे?"

"करतात की. म्हणून तर खुणा केल्यात." बोलता बोलता तो थांबला.

दादासोंनी जवळचा माऊस उलटा केला. तांबडा ठिपका. दुसरा उलटा केला. तांबडा ठिपका. कोपऱ्यातल्या मशीनला माऊसच नव्हता.

दिशानं पिशवीतून माऊस काढून त्या मशीनशेजारी ठेवला. "हा भावजींच्या टेबलावर होता."

"त्यानंच नेला असेल इथून."

"कशाला? स्वतःचा माऊस त्यांनी माझ्या पोरीला खेळायला दिला. बाण कुठं आहे ते दिसत नसताना त्यांनी माऊस धरायचा कसा?" तिनं छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "स्पीकर बंद करून ते एक फोल्डर उघडू शकत नव्हते, पुसायचं कुठलं? आणि ती मोठी चित्रं. बघणाऱ्यालाच लागतात ती. फौजदारसाहेब, पुसणारा डोळस होता."

"त्यो हाच कशावरनं? ठिपक्याचा माऊस कुनीबी उचलंल हितनं."

"काठी. आंधळा माणूस एकटा चालताना काठी उघडी ठेवतो. भावजी घडी घालायचे ते फक्त कुणाच्या गाडीवर मागं बसल्यावर. काठी घडी घालून पिशवीत होती, आणि हे म्हणतात काठी टेकत गेला. खोटं का बोलायचं? कारण गाडी यांची होती."

"आन् माऊस तितंच का सोडला?"

"भावजींना खुर्ची मागं ओढलेली लागली, तेव्हा हेच पहिल्यांदा चोरून आले होते. माऊस सापडेना, आणि कळ दाबावी तर मशीन मोठ्यानं बोलायला लागलं. बुधवारी माऊस घेऊन गेले, आवाज आधी बंद केला. काम झालं. पण माऊसशिवायचं टेबल यांना उघडं वाटलं, कुणी विचारील म्हणून ठेवून दिला. डोळ्यांनी बघणाऱ्याची चूक झाली ती."

सोमनाथ म्हणाला, "वहिनी, तुम्ही दुःखात आहात."

"सोमनाथराव," दादासो शांतपणे म्हणाले, "स्कूटरची डिकी उगडा."

डिकीत फडक्यात बांधलेल्या फ्लॉप्या निघाल्या. दिशानं त्यातली एक क्लासच्या मशीनमध्ये घालून चालू केली. पडदा काळाच राहिला. मग स्पीकरमधून अडखळत, नाकातून, पण मराठीत आवाज आला: "नमस्कार. मी वाचतो आहे."

छकुली दचकून आईला बिलगली. सोमनाथ खुर्चीत बसला.

"पुण्याच्या कंपनीला दाखवायचा होता," तो पुटपुटला. "म्हटलं, दोघांचं नाव लावू. तो म्हणाला, विकायचा नाही, पोरांना फुकट द्यायचा. कालव्यावर बसून बोलू म्हणून नेला. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, साहेब."

"आन् तू?"

"मी खांदा काढून घेतला."

दादासोंनी त्याला उठवलं.

खुनाची बातमी आली, पण आतल्या पानावर, आणि पहिली बातमी तोवर गावोगाव पोचली होती. डाळजची पायल, जन्मांध, दहावी झालेली, दर शनिवारी एसटीनं संघपालकडे शिकायला यायची. ती यायची बंद झाली. दिशा छकुलीला घेऊन डाळजला गेली तर बापानं दारातूनच सांगितलं, "मास्तरानंच जीव दिला, आता पोरीला कशाला नादी लावता? झोपलीय ती." भर दुपारी, दार ओढून घेत.

तो खून होता, हे दिशानं बंद दाराला ओरडून सांगितलं. आतून काहीच आवाज आला नाही. तेव्हापासून दिशाला झोप नाही; ती खोटी बातमी खरी मानून पायल जिवाचं काही करून घेईल, ही धास्ती.

तुमच्यापैकी कुणी भिगवणच्या बाजूला जाणार असाल, तर वाट वाकडी करून डाळजला उतरा. पायलचं घर विचारा. सरांनी जीव दिला नाही, एवढं तिला सांगा. बाप म्हणेल, बरी आहे, झोपली आहे. ऐकू नका. ती स्वतः बोलेपर्यंत उंबऱ्यावरून उठू नका.