माहिती देणारा सातवा

मैत्रिणीचा प्रबंध बांधून झाला का, एवढंच बघायला ती विद्यापीठामागच्या बाइंडरच्या दुकानात शिरली. बाइंडर तिशीचा. खळीने माखलेला हात वर धरून तो कुणाचा तरी प्रबंध वाचत उभा होता.

“सगळं वाचता?” तिने विचारलं.

“छे. फक्त आभाराचं पान. कोण कुणाला घाबरून आहे, ते तिथे कळतं.”

ती मानवशास्त्राची विद्यार्थिनी. प्राध्यापकांची जमात कशी जगते, कोण कुणापुढे वाकतं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. शिपाई, ग्रंथपाल, कॅन्टीनवाले असे सहा जण तिला माहिती देत होते. बाइंडर सातवा झाला.

मग दर मंगळवारी ती स्टुलावर वही उघडून बसायची. तो पानं शिवता शिवता बोलायचा.

“आई विचारत होती,” एकदा तो म्हणाला, “ती मुलगी तुझा अभ्यास अजून किती दिवस करणार?”

“मग... काय सांगितलंत?”

“म्हटलं, विषय अवघड आहे.”

ती हसली. त्या दिवशी लिहायचं राहूनच गेलं.

आठ महिन्यांनी मार्गदर्शक बाईंनी तिच्या नोंदी वाचल्या आणि चष्मा काढला. “सातव्याच्या हातांवर दीड पान आहे. बाकीच्या सहांना हात नाहीत?”

तिला मान वर करवेना.

“प्रकरण सगळ्यात चांगलं हेच आहे. पण तू आता नुसती बघणारी राहिली नाहीस. एकतर हे ठेव आणि तिकडे जाणं बंद कर. नाहीतर त्याला प्रबंधातून काढ.”

पुढच्या मंगळवारी तिने वहीऐवजी एक फॉर्म आणला. दिलेली माहिती मागे घेण्याचा.

“यावर सही करा.”

त्याचा चेहरा उतरला. “काही चुकीचं बोललो का?”

“नाही. मीच... जास्त लिहिलं.”

“तुमचं नुकसान किती?”

“एक वर्ष.”

“आणि मी राहिलो प्रबंधात, तर?”

“तर मला इथे येता येणार नाही.”

त्याने हात पुसले, परत पुसले आणि सही केली. ‘कारण’ या ओळीवर पेन अडलं.

“इथे काय लिहू?”

“खरं ते.”

त्याने सावकाश लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. ‘मलाही काही विचारायचं आहे.’

“विचारा ना,” ती म्हणाली.

आठ महिने बोलणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न सुचेना. शेवटी त्याने दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

“लहानपणापासून सांगा,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”